बंद केलेलं निदान पुन्हा ‘अ‍ॅक्टिव्ह’ दिसतंय? आधी इथे बघा

लक्षण असं: हॉस्पिटलच्या सॉफ्टवेअरमध्ये रुग्णाची प्रॉब्लेम लिस्ट (त्याच्या आजारांची यादी) उघडली की बरे झालेले आजार, नुसता संशय आलेले आजार आणि एखाद्याच्या बाबतीत तर त्याच्या वडिलांचा मधुमेहसुद्धा ‘चालू’ म्हणून दिसतो. कुणीतरी बसून यादी साफ करतं. पुढची ओपीडी झाली की यादी पुन्हा होती तशी. मग फोन येतो, ‘सर, हे तर मागच्या वेळी बंद केलं होतं ना?’

नागपुरात हे जास्त जाणवतं. गडचिरोली-गोंदियाचा किंवा पलीकडे बालाघाट-छिंदवाड्याचा माणूस आधी गावाजवळच्या आरोग्य केंद्रात जातो, मग नागपुरात मेयो नाहीतर मेडिकल या सरकारी रुग्णालयात येतो, मधेच कुणी धंतोलीतला खासगी डॉक्टर सुचवतं. एकाच आजाराची नोंद तीन ठिकाणी होते. पूर्वी या तीन फायली एकमेकींना कधी भेटायच्याच नाहीत, त्यामुळे त्यातली गडबड झाकून जायची. आता आभा क्रमांक (आयुष्मान भारतचा आरोग्य-खाते क्रमांक) जोडलेला असला आणि रुग्णाने संमती दिली, की तिन्ही नोंदी एकाच पडद्यावर येतात.

खालचं सगळं एफएचआयआरच्या, म्हणजे आरोग्य नोंदींची देवाणघेवाण करायच्या प्रमाणपद्धतीच्या, आर-४ आवृत्तीला धरून आहे. आयुष्मान भारत डिजिटल मिशनची प्रोफाइल्स (नोंदींचे ठरलेले साचे) पुण्याच्या सी-डॅकमधल्या नॅशनल रिसोर्स सेंटर फॉर ईएचआर स्टँडर्ड्सने केली आहेत आणि ती आर-४ वरच आहेत, म्हणून.

आधी कच्ची नोंद उघडा

पडद्यावर काय दिसतं त्यावरून काही ठरवू नका. व्ह्यूअरमध्ये फिल्टर लावून प्रश्न सुटल्यासारखा वाटतो, पण नोंद तशीच पुढच्या हॉस्पिटलला जाते. जेसन (एका सिस्टिमकडून दुसरीकडे जाणारी मूळ मजकूर-फाइल) उघडा आणि कंडिशन रिसोर्स, म्हणजे एका आजाराची नोंद, वाचा. नमुना म्हणून पावसाळ्याच्या शेवटी येणारी ही नेहमीची नोंद घ्या:

कोड: डेंग्यू
क्लिनिकल स्टेटस: अ‍ॅक्टिव्ह
व्हेरिफिकेशन स्टेटस: कन्फर्म्ड
कॅटेगरी: रिकामी
ऑनसेट: ओपीडीची तारीख
रेकॉर्डेड डेट: तीच तारीख

आता डॉक्टरांचा कागद बघा. त्यावर एवढंच आहे: ‘सी/ओ फीव्हर ४ दिवस, ?डेंग्यू, एनएस१, सीबीसी’ (शेवटच्या दोन रक्ताच्या चाचण्या). म्हणजे कोड सोडला तर नोंदीतली बाकी सगळी घरं सॉफ्टवेअरने स्वतःच्या मनाने भरली आहेत. डॉक्टरांनी ‘कन्फर्म्ड’ कुठेही म्हटलेलं नाही, उलट प्रश्नचिन्ह टाकलंय. ताप चार दिवसांपासून आहे, पण नोंदीत आजार आज सुरू झालाय. दुसऱ्या दिवशी एनएस१ निगेटिव्ह आला, ताप उतरला, रुग्ण भंडाऱ्याला परत गेला. ही नोंद बंद करायला आता कुणीही येणार नाही.

व्हॅलिडेटर (नोंद नियमात बसते का ते तपासणारं साधन) चालवून बघा, एकही एरर येणार नाही. ‘अ‍ॅक्टिव्ह’ आणि ‘कन्फर्म्ड’ ही दोन्ही वैध मूल्यं आहेत. कॅटेगरी ‘प्रॉब्लेम लिस्ट आयटम’ असेल तर क्लिनिकल स्टेटस हवंच, असा कॉन-३ नावाचा नियम आर-४ मध्ये आहे. पण तो फक्त वॉर्निंग देतो, आणि कॅटेगरीच रिकामी असेल तर तो लागूच होत नाही. नोंद नियमात बसली म्हणजे खरी ठरली असं धरून चालणारे इंटिग्रेशनवाले मला दर प्रोजेक्टमध्ये भेटतात.

एफएचआयआरने इथे तीन प्रश्न मुद्दाम वेगळे ठेवले आहेत. आजार कोणता, हे कोड सांगतो. खात्री किती, हे व्हेरिफिकेशन स्टेटस सांगतं: अनकन्फर्म्ड, त्याच्या पोटात प्रोव्हिजनल आणि डिफरेन्शियल, मग कन्फर्म्ड, रिफ्यूटेड आणि एन्टर्ड इन एरर. आत्ता आहे का, हे क्लिनिकल स्टेटस सांगतं: अ‍ॅक्टिव्ह, रिकरन्स, रिलॅप्स, इनअ‍ॅक्टिव्ह, रेमिशन, रिझॉल्व्ह्ड. ओपीडीचा पडदा मात्र फक्त पहिला प्रश्न विचारतो. उरलेल्या दोन प्रश्नांची उत्तरं मॅपरमध्ये (ओपीडीतली माहिती एफएचआयआरच्या साच्यात बसवणाऱ्या कोडमध्ये) कुणीतरी एकदा ठोकून बसवलेली असतात. तुमच्या मॅपिंगच्या कोडमध्ये ‘अ‍ॅक्टिव्ह’ हा शब्द शोधा. तो स्थिर मूल्य म्हणून सापडला तर बहुतेक तक्रारींचं मूळ तिथेच आहे. नागपुरात मे महिन्यात उष्माघाताने भरती झालेला माणूस डिसेंबरच्या थंडीतही उष्माघाताचा ‘चालू’ रुग्ण दिसतो, तो याच ओळीमुळे.

डॉक्टरांना पाच ड्रॉपडाउन देऊ नका

यावर पहिला सुचणारा उपाय म्हणजे पडद्यावर अजून दोन रकाने वाढवायचे. तो चालत नाही. बाहेर बाकावर रांग असताना कुणीही प्रत्येक निदानापुढे दोनदा निवड करत बसणार नाही. जे पहिलं मूल्य दिसेल तेच राहील आणि तुम्ही होतात तिथेच याल, फक्त आता चूक डॉक्टरांच्या नावावर.

खरं तर डॉक्टर ही माहिती रोज देतच असतात. आपण ती फेकून देतो. केस पेपरवरची लघुलेखनाची चिन्हं बघा. निदानाआधीचं ‘?’ म्हणजे प्रोव्हिजनल. ‘आर/ओ’ म्हणजे हे नाही ना, एवढं तपासून घ्यायचंय, म्हणून अनकन्फर्म्ड. ‘?डेंग्यू / ?मलेरिया’ अशी जोडी असेल तर दोन्ही डिफरेन्शियल. ‘के/सी/ओ’ म्हणजे आधीपासून माहीत असलेला रुग्ण: कन्फर्म्ड, अ‍ॅक्टिव्ह, आणि कॅटेगरी प्रॉब्लेम लिस्ट. ‘सी/ओ’ म्हणजे तक्रार, निदान नव्हे.

डॉक्टर ‘?डें’ एवढं टाइप करतात, खाली यादीतून डेंग्यू निवडतात आणि निवडताक्षणी प्रश्नचिन्ह गळून पडतं. दुरुस्ती करायची ती याच ठिकाणी. निवड झाल्यावरही आधीचं चिन्ह वेगळ्या घरात जपून ठेवा आणि मॅपरने स्टेटस त्यावरून ठरवावं. चिन्ह नसेल आणि कॅटेगरी त्या भेटीपुरती असेल, तर व्हेरिफिकेशन स्टेटस रिकामं राहिलं तरी चालेल. रिकामं घर ‘माहीत नाही’ असं खरं सांगतं.

‘एच/ओ’ मात्र त्रास देतं. ‘एच/ओ फीव्हर ३ दिवस’ म्हणजे आत्ताची तक्रार. ‘एच/ओ टीबी’ म्हणजे पूर्वी झालेला आजार. आणि ‘एच/ओ डीएम’ म्हणजे बहुतेक वेळा रुग्णाला साखर आहे आणि गोळ्या चालू आहेत! एकच चिन्ह, तीन अर्थ. थोडी मदत स्नोमेड सीटी या वैद्यकीय संज्ञांच्या कोशाच्या रचनेतून मिळते. तिथे ताप हा ‘फाइंडिंग’ आहे आणि क्षयरोग ‘डिसऑर्डर’, त्यामुळे पहिला प्रकार यंत्राने वेगळा काढता येतो. उरलेल्या दोघांसाठी रक्तदाब, मधुमेह, दमा, थायरॉईड अशा दीर्घकाळच्या आजारांची छोटी यादी तुमच्याच फिजिशियनकडून करून घ्या. त्यात बसलं तर अ‍ॅक्टिव्ह. नाहीच बसलं तर तिथे, आणि फक्त तिथे, डॉक्टरांना विचारा: ‘अजून चालू आहे?’ एक टिचकी, हो किंवा नाही. एवढं ते करतात.

वडिलांचा मधुमेह याच रांगेतला. ‘एफ/एच डीएम’ (कुटुंबात मधुमेह) मधला डीएम उचलला जातो आणि ‘एफ/एच’ मागे राहतं. त्याची जागा कंडिशनमध्ये नाहीच, फॅमिली मेंबर हिस्टरी नावाचा वेगळा रिसोर्स आहे.

तक्रार प्रॉब्लेम लिस्टमध्ये कशी घुसते

मिशनच्या ओपी कन्सल्टेशन रेकॉर्डमध्ये ‘चीफ कम्प्लेंट्स’ हा विभाग कंडिशन रिसोर्सकडेच बोट दाखवतो. ‘मेडिकल हिस्टरी’चा विभागही कंडिशनकडे बोट दाखवतो. म्हणजे डोकेदुखी, जुना टीबी आणि आजचा रक्तदाब, तिघांची नोंद एकाच साच्यात. फरक असतो तो कोणत्या विभागातून आलं यात आणि कॅटेगरीत. घेणाऱ्या सिस्टिमने बंडलमधले (एकत्र आलेल्या नोंदींच्या गठ्ठ्यातले) सगळे कंडिशन गोळा करून सरळ यादीत ओतले, तर डोकेदुखी कायमची ‘प्रॉब्लेम’ होते.

पाठवणाऱ्याने कॅटेगरी भरावी: भेटीपुरतं असेल तर ‘एन्काउंटर डायग्नोसिस’. घेणाऱ्याने कॉम्पोझिशनचे (डॉक्युमेंटची मांडणी सांगणाऱ्या रिसोर्सचे) विभाग वाचल्याशिवाय एकही कंडिशन यादीत नेऊ नये. भरती रुग्णांसाठी एन्काउंटरमध्ये (भेटीच्या रिसोर्समध्ये) प्रत्येक निदानाची भूमिका सांगायची सोय आहे: भरतीचं निदान, डिस्चार्जचं, मुख्य तक्रार, सोबतचा आजार, बिलिंगचं. भरतीच्या वेळचं निदान डिस्चार्जच्या वेळी बदललं की दोन्ही नोंदी ‘अ‍ॅक्टिव्ह’ राहतात, ही तक्रार या एका घराने मिटते.

दरवेळी नवी नोंद

बंद केलेलं निदान परत येण्याचं दुसरं मोठं कारण हे. डॉक्युमेंट बंडल तयार होताना प्रत्येक रिसोर्सला नवा यूयूआयडी (यंत्राने दिलेला वेगळा ओळख क्रमांक) मिळतो. रुग्ण साखरेसाठी दर महिन्याला आला की दर महिन्याला नवं ‘टाइप २ मधुमेह’. घेणाऱ्याच्या दृष्टीने ते वेगवेगळे मधुमेह. तुम्ही त्यातला एक बंद केलात, बाकीचे चालूच.

उपाय: कंडिशनच्या आयडेंटिफायर घरात तुमच्या सिस्टिममधला त्या निदानाचा कायमचा क्रमांक द्या, कोणत्या सिस्टिमचा क्रमांक तेही द्या, आणि प्रत्येक डॉक्युमेंटमध्ये तोच पाठवा. यूयूआयडी बदलला तरी आयडेंटिफायर बदलत नाही.

पण ‘कोड सारखा, रुग्ण सारखा, म्हणून एकत्र करा’ असं सरसकट डीडुप्लिकेशन करू नका. हे अगदी ठासून सांगतोय. मधुमेह एकदाच असतो. डेंग्यू दोनदा होऊ शकतो. डेंग्यूच्या विषाणूचे चार प्रकार आहेत, आणि एकदा एका प्रकाराने झालेल्याला पुढे दुसऱ्या प्रकाराने झाला तर आजार गंभीर होण्याचा धोका वाढतो. दोन डेंग्यूंची एक नोंद केली, तर डॉक्टरांना हवी असलेली नेमकी माहिती तुम्ही पुसून टाकलीत. गडचिरोलीच्या मलेरियात आणखी एक पदर आहे. व्हायवॅक्स प्रकारच्या मलेरियाचे परजीवी यकृतात सुप्त राहून महिन्यांनी पुन्हा उठतात. तेव्हा नोंद तीच, स्टेटस ‘रिलॅप्स’. नवा डास चावून नवा संसर्ग झाला असेल तर नोंद नवी. हे ठरवणं सॉफ्टवेअरचं काम नाही. आधी बंद झालेला मलेरिया पुन्हा नोंदवला जात असेल तर पडद्यावर जुनी नोंद दाखवा आणि निर्णय डॉक्टरांवर सोडा.

सिकलसेल: इथे जास्त वेळ द्या

विदर्भातल्या कोणत्याही सिस्टिममध्ये मी ही चाचणी सगळ्यात आधी करतो. वाहकाची म्हणजे एएस पॅटर्नची नोंद आणि आजारी व्यक्तीची म्हणजे एसएस पॅटर्नची नोंद वेगळी जाते का?

आयसीडी-१० मध्ये, म्हणजे आजारांच्या आंतरराष्ट्रीय कोडच्या यादीत, डी५७ हा सिकलसेल विकारांचा गट आहे. त्यात डी५७.० म्हणजे क्रायसिससह (अचानक उठणारा तीव्र वेदनांचा झटका), डी५७.१ म्हणजे क्रायसिसशिवाय, डी५७.२ म्हणजे दुहेरी विषम प्रकार, डी५७.३ म्हणजे फक्त वाहक. कोडिंग करणाऱ्याने घाईत नुसतं डी५७ टाकलं की वाहक आणि रुग्ण एकाच पोत्यात. त्यात भर म्हणजे सोल्युबिलिटी ही प्राथमिक चाचणी. ती ‘पॉझिटिव्ह’ आली की ऑपरेटर ‘सिकलसेल’ निवडून मोकळा होतो. पण ती चाचणी वाहकातही पॉझिटिव्ह येते आणि रुग्णातही. फरक कळतो तो इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या पक्क्या चाचण्यांनंतर. म्हणून सोल्युबिलिटीचा निकाल ऑब्झर्व्हेशन (चाचणीच्या निकालाचा रिसोर्स) म्हणून जाऊ द्या. कंडिशन तयार होईल ती पक्क्या चाचणीनंतर, आणि तिच्या एव्हिडन्स घरात त्या ऑब्झर्व्हेशनचा संदर्भ द्या.

१ जुलै २०२३ ला शहडोलहून सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल मोहिमेत चाळिशीपर्यंतच्या ७ कोटी लोकांच्या तपासणीचं लक्ष्य ठेवलं आहे. एवढ्या मोठ्या तपासणीतून येणाऱ्या नोंदींत सर्वात मोठी संख्या नॉर्मल लोकांची आणि त्यानंतर वाहकांची असते. एखाद्या वाहक मुलीच्या नावापुढे ‘सिकलसेल आजार’ लागला तर त्याचा त्रास लग्नाच्या बोलणीपर्यंत जातो. उलट, आजारी मुलाची नोंद वाहक म्हणून गेली तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत सिकलसेल असूनही त्याच्या प्रमाणपत्राचं घोडं कागदावर अडतं.

आणखी एक बग फक्त सिकलसेलमध्ये नीट दिसतो. रुग्ण क्रायसिसमध्ये भरती होतो. कोडर नवी नोंद न करता जुन्याच नोंदीचा कोड डी५७.१ वरून डी५७.० करतो. पाच दिवसांनी क्रायसिस ओसरतो, डिस्चार्ज होतो आणि नोंद ‘रिझॉल्व्ह्ड’ होते. झालं! जन्मभराचा आजार बरा झाला. मूळ आजाराची नोंद कायम अ‍ॅक्टिव्ह राहिली पाहिजे आणि क्रायसिस ही त्या भेटीपुरती वेगळी नोंद, तिचं स्वतःचं ऑनसेट (सुरुवात), तिचं स्वतःचं अबेटमेंट (शेवट).

छोट्या गोष्टी, पण नेहमीच्या

ऑनसेटमध्ये ओपीडीची तारीख टाकू नका. नोंद कधी केली यासाठी रेकॉर्डेड डेट आहे. ‘दहा वर्षांपासून बीपी’ असं असेल तर ऑनसेटमध्ये वय किंवा साधं वाक्यही चालतं. आजची तारीख मात्र खोटी ठरते.

अबेटमेंटची तारीख भरली आणि स्टेटस अ‍ॅक्टिव्हच ठेवलं तर कॉन-४ चा एरर येतो. हा एरर आला तर आनंद माना, किमान व्हॅलिडेटर काहीतरी पकडतोय. घाईत अबेटमेंट काढून टाकू नका, स्टेटस बदला.

‘पूर्वी क्षयरोग’ यासाठी स्नोमेडमध्ये स्वतंत्र ‘इतिहास’ संकल्पना आहे, आणि आयसीडी-१० मध्ये झेड८६.१ आहे. असा कोड वापरून वर क्लिनिकल स्टेटस ‘रिझॉल्व्ह्ड’ ठेवलं तर अर्थ काय होतो? इतिहास संपला? एक तर इतिहासाचा कोड वापरा, नाहीतर क्षयरोगाचा कोड आणि ‘रिझॉल्व्ह्ड’. मी दुसरा पर्याय घेतो, कारण शोधताना एकाच कोडवर सगळे क्षयरुग्ण सापडतात. ‘संशयित डेंग्यू’ या तयार संकल्पनेचंही तेच: तिच्यावर पुन्हा ‘प्रोव्हिजनल’ लावलं की संशयाचा संशय होतो.

डेंग्यूचा जुना कोड ए९० तुमच्या मास्टरमध्ये (सिस्टिममधल्या कोडच्या मूळ यादीत) असेल आणि समोरचा ए९७ मागत असेल तर घाबरू नका. जागतिक आरोग्य संघटनेने आयसीडी-१० च्या २०१६ च्या आवृत्तीत ए९० आणि ए९१ काढून ए९७ आणला. अमेरिकेच्या आवृत्तीतून उतरवलेल्या कोडच्या यादीत ए९० अजूनही दिसतो. मास्टर कुठून आणला ते तपासा.

साफसफाई करताना

चुकीच्या रुग्णाच्या नावावर पडलेलं निदान डिलीट करू नका. व्हेरिफिकेशन स्टेटस ‘एन्टर्ड इन एरर’ करा आणि क्लिनिकल स्टेटस पूर्ण काढून टाका. ते राहिलं तर कॉन-५ अडवतो. तपासणीनंतर नाही ठरलेला डेंग्यू मात्र ‘एन्टर्ड इन एरर’ नाही. तो ‘रिफ्यूटेड’. डॉक्टरांना संशय आला होता हे खरंच आहे, आणि ते नोंदीत राहायला हवं. ‘मधुमेह नाही’ असं लिहिण्यासाठीही ‘रिफ्यूटेड’ वापरू नका. ज्याचा विचारच झाला नव्हता ते नाकारायचं कसं?

क्रम महत्त्वाचा आहे. आधी मॅपरमधली ठोकलेली मूल्यं काढा, मग आयडेंटिफायर बसवा, आणि त्यानंतर जुनी यादी हातात घ्या. उलटं केलं तर साफ केलेली यादी आठवड्याभरात पुन्हा भरते आणि पुढच्या वेळी डॉक्टर ती बघायचंच सोडून देतात. जुन्या नोंदींत ताप, जुलाब, डेंग्यू, उष्माघात असे थोड्या दिवसांचे आजार क्वेरीने वेगळे काढता येतात. त्यांना सरसकट ‘रिझॉल्व्ह्ड’ न करता ‘इनअ‍ॅक्टिव्ह’ करा, कारण बरं झाल्याचं कुणी बघितलेलं नाही. टीबी, कर्करोग आणि सिकलसेलला यंत्राने हात लावू नका.

उरतात ती आधीच बाहेर गेलेली डॉक्युमेंट्स. मिशनच्या रचनेत मूळ रेकॉर्ड तुमच्याकडेच असतं, पण संमतीने एकदा दुसऱ्या हॉस्पिटलने घेतलेली प्रत तुम्हाला परत बोलावता येत नाही. दुरुस्त डॉक्युमेंट नव्याने तयार करा, कॉम्पोझिशनचं स्टेटस ‘अमेंडेड’ ठेवा आणि ‘रिलेट्स टू’ घरात ‘रिप्लेसेस’ म्हणून जुन्याचा संदर्भ द्या. तो संदर्भ समोरची सिस्टिम वाचते का, हे फोन करून विचारा. नसेल वाचत, तर सिकलसेलच्या चुकलेल्या नोंदींची यादी त्यांना वेगळी पाठवा, आणि तीही त्यांच्या आयटीवाल्यांकडे नाही, पॅथॉलॉजीतल्या डॉक्टरांकडे.